संस्थेचं ज्ञान घरी जाऊ नये म्हणून

करडी, जि. भंडारा
१२ फेब्रुवारी २००६

ति. डोमामामांस,
भाचा अनुपचा सविनय जय भीम.

तुमचे गुडघे आणि तुळसामामींचा खोकला बरा असावा. कानाचं मशीन लावता, की ते अजून डब्यातच आहे? (फोनवर मी ओरडतो ते तुम्ही सोडून सगळं करडी ऐकतं. म्हणून पत्र.)

आमच्या धान खरेदी संस्थेत मी हंगामी मदतनीस होतो. गोदामपाल बाबुलाल निवृत्त झाले की त्यांची जागा मला, आणि जागा मिळाली की सानगडीच्या मारोतरावांची तृप्ती मला, असं ठरलं होतं. गोष्ट साधी होती. पण आमचे सचिव नागपूरला प्रशिक्षणाला गेले. माणूस निवृत्त होतो तेव्हा संस्थेचं ज्ञान त्याच्याबरोबर घरी जातं, हे त्यांना तिथे कळलं. ते घाबरूनच परतले. (येताना गोदामासाठी दुसरं कुलूप घेऊन आले.) लगेच ठराव झाला. आपलं सगळं ज्ञान दुसऱ्या व्यक्तीला दिल्याशिवाय कुणालाही संस्था सोडता येणार नाही, आणि ऐकणाऱ्याने ‘सगळं समजलं’ म्हटल्याशिवाय ते दिलं असं धरलं जाणार नाही. ऐकणारा म्हणून माझी नेमणूक झाली.

बाबुलालांना घरी जायचंच नव्हतं. घरी बायको सुशीलाबाई त्यांना शेळ्यांमागे धाडणार होत्या. त्यांनी ज्ञान पुरवून पुरवून द्यायला घेतलं. रोज चहानंतर एक. दाणा दाताखाली कट्ट वाजला तर धान सुकलेलं, हे पहिल्या दिवशी. कोणत्या खुर्चीचा पाय निघतो, हे दुसऱ्या दिवशी. संचालकांचे साळे आले तर सचिव भंडाऱ्याला गेलेत म्हणायचं, मग सचिव समोर बसलेले का असेनात. पावसाळ्याच्या तोंडाशी धानाचं ज्ञान संपलं, तेव्हा त्यांनी गोदामातल्या उंदरांचे स्वभाव काढले.

“मोठा उंदीर सकाळी चिडलेला असते.”

मी मान हलवली.

“मुंडी कायले हलवतं? काहून चिडते ते तं सांगतलंच नाही बाप्पा. ते उद्या.”

तिकडे मारोतरावांचे निरोप येत होते. “जवाई अजून शिकूनच राहिला का? धान तं हाय, डाक्टरी हाय का?” त्यातच तृप्तीला बपेऱ्याचं एक स्थळ सांगून आलं. (मुलगा शिक्षक. कायम.)

मग मी ठराव पुन्हा वाचला. सांगणाऱ्याचं वाक्य पूर्ण व्हावं, असं त्यात कुठेच नव्हतं. दुसऱ्या सकाळी बाबुलाल म्हणाले, “मागच्या दाराची कडी कधीबी—” आणि मी सचिवांसमोर मोठ्याने म्हणालो, “सगळं समजलं.” सचिवांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी शाल, नारळ, भाषणं. बाबुलाल अर्ध्या वाक्यात निवृत्त झाले. उरलेलं वाक्य मागायला मी त्यांच्या घरी गेलो. ते शेळ्यांत उभे होते. “मी आता संस्थेचा नाही. अन् तुले तं सगळंच समजलं,” म्हणाले. तेव्हापासून मागच्या दाराला कुणी हात लावत नाही. ट्रक त्याच दाराशी लागतो. हमाल पुढच्या दाराने पोती काढतात आणि गोदामाला वळसा घालून नेतात.

मी कायम झालो. लग्न ठरलं. रजा मागितली, तर सचिव म्हणाले, “आता सगळं ज्ञान तुझ्यात आहे. सानगडीच्या वाटेवर एस.टी. कलंडली तर?” लग्न गोदामातच लावा, असंही त्यांनी सुचवलं. मारोतराव उसळले. “पोरीचं लगन गोदामात? तिले का धानाचं पोतं समजले का? रविवारी पोरगी सानगडीतच उभी राहीन. समोर कोन उभा राहते ते तुमी पाहा.”

बपेऱ्याचा शिक्षक अजून मोकळा आहे, मामा.

मामींना जय भीम. धाकट्यांना आशीर्वाद.

तुमचा,
अनुप

ता. क. ठरावात ‘दुसरी व्यक्ती’ एवढंच आहे. ती नोकरीत असावी असं नाही. मामा निवृत्त आहेत, मोकळे आहेत आणि पेन्शन असल्याने पगार मागणार नाहीत, हे ऐकून सचिवांचे डोळे भरून आले. शुक्रवारी या. मी बोलेन. माझे ओठ थांबले की ‘सगळं समजलं’ म्हणा.

ता. क. मशीन डब्यातच राहू द्या. मामींना चार जोडी कपडे बांधायला सांगा. अंथरूणही.

ता. क. लग्नात तुमची उणीव फार भासेल. फोटो गोदामात आणून दाखवीन.