दगड क्रमांक दोनशे सात

३ मार्च
पोहोचलो. खोली झकास आहे. टेबल, पलंग, एक खुर्ची आणि टेकडीकडे उघडणारी मोठी खिडकी. या भागात पाच किल्ले होते. एकाचा तुरुंग झाला, एकाचं धान्याचं कोठार. एक रेल्वेच्या खडीत गेला, एक धरणात बुडाला. पाचवा समोरच्या टेकडीवर होता. तिथे आता गवत आहे. त्याचे दगड उपसून लोकांनी इथली घरं बांधली. कोणता दगड कोणत्या घरात आहे ते शोधायचं, खडूने क्रमांक घालायचा, वहीत लिहायचं, हे माझं काम. ताईला पत्र टाकलं : महिनाअखेरीस राहायला ये. आई गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत.

९ मार्च
एकशे बावन्न दगड झाले. बेकरीवाला म्हणाला, किल्ला माझ्या भट्टीत आहे साहेब, रोज भाजून निघतो पण कुरकुर नाही. त्याची बायको आतून म्हणाली, दगडाला ऐकू येत नाही हे याचं नशीब. दोघंही हसले, टेकडीकडे बघत. प्रत्येक घरात कोणी ना कोणी टेकडीकडच्या खिडकीशी उभं असतं. बोलतात माझ्याशी, बघतात बाहेर. सहा दिवसांत माझ्याकडे तोंड करून कोणी बोललेलं नाही.

१४ मार्च
माझ्याच खोलीत एक दगड सापडला, खिडकीखालचा. दोनशे सात. वहीत ‘ताबा कोणाचा’ असा रकाना आहे. रकाना रिकामा ठेवणं मला जमत नाही. स्वतःचं नाव लिहिलं. घरमालकीणबाईंनी ते वाचलं आणि त्या मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, ज्याचा दगड त्याचा पहारा असतो, भाऊ. किल्ल्याचा वेढा उठल्याचं आम्हाला कोणी कळवलंच नाही, मग पहारा कसा उठवणार? महिनाभर ही खिडकी त्याच सांभाळत होत्या म्हणे, मी आल्यावरही, दिवसा मी कामावर गेलो की. मी हसलो. त्या पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलत होत्या.

१७ मार्च
कामावर गेलो नाही. दिवसभर खिडकीशी. पलीकडच्या उतारावर माणसं आहेत. रांगांनी उभी. बघत राहिलं की हलत नाहीत. ताईचं पत्र आलं, अठ्ठावीसला येते. वाचून मान वर केली तर पहिली रांग माथ्यावर होती.

१९ मार्च
वहीतलं नाव खोडलं. फरक नाही. दारापर्यंत जातो, उंबरठा ओलांडवत नाही. अंधारात ती माणसं थांबतात, तेवढीच झोप. बाईंना विचारलं, सुटका कशी? म्हणाल्या, या खोलीत आधी राहणारे मास्तर अकरा वर्षं खिडकीशी उभे होते. मग त्यांचा भाऊ भेटायला आला, खोलीत शिरला, आणि मास्तर जिना उतरून गेले. पहारा रक्ताच्या माणसाकडेच जातो. आणि भाऊ? तो गेल्या महिन्यात वारला, त्याच खुर्चीत. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, तुम्ही कशाला काळजी करता, तुमची ताई येतेय ना.

२२ मार्च
ताईला लिहिलं, येऊ नकोस. पत्र बाईंकडे दिलं. लिहिण्यात वेळ गेला. ती माणसं आता वेशीशी. चेहरे दिसतात.

२६ मार्च
बाईंनी पत्र टाकलंच नाही. सरळ सांगितलं. म्हणाल्या, तुमचे डोळे मिटायला लागलेत, एका खिडकीपायी सगळं गाव जाईल. ताज्या दमाचं माणूस हवं —
ओळ लिहिली तेवढ्यात ती माणसं चार घरं पुढे.

२८ मार्च
ताई खाली आहे. बाईंना विचारतेय, वाळलाय का हो तो फार —
ओरडलो तर धावतच येईल. तशीच आहे ती.
दाराला कडी घालायची तर खिडकी सोडायला हवी. सहा पावलं जायला. सहा यायला.
खरं लिहितो. ती यावी असं वाटतंय. नुसतं दार उघडं ठेवायचं —

घातली कडी.

खिडकीशी परत. गल्लीत कोणी नाही. एकही नाही.

ताई दार वाजवतेय. म्हणते, उघड रे, किती वेळ —
जिन्यावर पावलं. ताई तर दाराशीच आहे. ही खालून. खूप.
उघडलं तर पहारा तिचा. नाही उघडलं तर —
विचारतेय, कोण रे हे सगळे, तुझ्या ओळखीचे आहेत का —
मी कडी