नाटकातली वहिनी

मी, खाली सही करणारा, धंद्याने नट, वय पन्नाशीला टेकलेले, राहणार याच घरात, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना आणि तोंडाला कोणताही रंग न लावता लिहितो आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, लालूच दाखवलेली नाही, आणि विंगेतून कोणी वाक्ये सांगत नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या छातीची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. रंगमंचावर डॉक्टर होऊन हे वाक्य मीही पुष्कळदा म्हटले आहे, म्हणून कागद करून ठेवतो. बाकी देवाच्या हाती.

कलम एक. राहते घर, म्हणजे पुढची खोली, मागची खोली आणि गच्चीवर जाणारा जिना, माझ्या पत्नीचे. बँकेत जे काही आहे तेही तिचेच. शिवणयंत्र मुळातच तिचे आहे, ते मी देणारा कोण?

कलम दोन. रंगपेटी, आरसा, मिश्या आणि दाढ्या आमच्या कंपनीच्या रंगभूषाकाराला, ज्याला आम्ही सगळे मामा म्हणतो. पांढरी दाढी धुऊन ठेवली आहे. मामा, ती नवशिक्यांच्या हाती देऊ नकोस, ते डिंक फार थापतात.

कलम तीन. आमच्या नायकाला माझ्या आणि दिव्याच्या मधे उभे राहण्याची खोड आहे. ती जागा मी त्याच्या नावे कायमची करून देतो. राग होता, आता नाही. दिग्दर्शकाला माझा म्हाताऱ्याचा खोकला फार आवडायचा. तो मात्र देता येत नाही, कारण अलीकडे तो खरा झाला आहे.

कलम चार. गावाकडच्या घरातला आणि विहिरीलगतच्या जमिनीतला माझा हिस्सा. याविषयी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे.

आम्हाला मूलबाळ नाही. माझ्यामागे पत्नीला आपले म्हणावे असे एकच घर उरते, माझ्या धाकट्या भावाचे. आणि त्या घरात तिला अजून नाते मिळालेले नाही.

झाले असे. ती आमच्या कंपनीत माझ्या बायकोचे काम करायची. पुढे आम्ही खरोखरच लग्न केले, दौऱ्यावर असताना, एका सकाळी, सरकारी कचेरीत. आदल्या दिवशी ट्रकमध्ये आमचे बरे कपडे भिजले होते, म्हणून नाटकातल्या लग्नाच्या प्रवेशाचे कपडे घालून गेलो. त्याच कपड्यांतला फोटो घरी पाठवला. वडिलांनी तो माझ्या नाटकांच्या फोटोंच्या गठ्ठ्यात ठेवून दिला. त्यांचे तरी काय चुकले? नाटकातल्या फोटोत आम्ही एकमेकांकडे असे पाहतो आहोत की बघणाऱ्याने विरघळावे. खऱ्या फोटोत मी फोटोवाल्याकडे गुन्हेगारासारखा पाहतो आहे आणि तिचे लक्ष चावणाऱ्या चपलेकडे आहे.

पुढे सगळ्यांना खरे कळले. पण धाकट्याला थट्टा सापडली होती. "दादा, पडदा पडला की या आपल्या घरी जातात ना?" तो तिला 'नाटकातली वहिनी' म्हणायचा. थट्टा शिळी झाली, तेव्हा त्यातला 'वहिनी' हा शब्दही गेला. मग नुसते "तुझ्या कंपनीतल्या बाई". तिच्याशी बोलायचे तर भिंतीकडे बघून. मी एकदा चिडलो, तर हीच म्हणाली, "असू द्या हो. नाटकातली तर नाटकातली. तुमच्यापेक्षा माझ्या वाक्यांना टाळ्या जास्त पडायच्या."

पण भिंतीकडे बघून बोलणाऱ्याच्या दारात ती उद्या एकटी कशी जाईल?

म्हणून माझा हिस्सा मी धाकट्या भावाला देतो, पण एका अटीवर. त्याने माझ्या पत्नीला तिच्या तोंडावर 'वहिनी' म्हणावे. आतून येत नसेल तर नाटक म्हणून म्हणावे. तेही जमले नाही, तर हिस्सा पत्नीला जावा.

नाटक चालेल असे का लिहितो, तेही सांगतो. लग्नाच्या आधी एका प्रयोगाला हिला ताप आला आणि तिच्या जागी दुसरी उभी राहिली. दार उघडून मी "अगं, मी आलोय" एवढेच म्हणायचे होते. शेकडो वेळा म्हटलेले वाक्य, पण त्या दुसरीकडे बघून तोंडातून निघेना. मामाने आतून दोनदा सांगितले. लोकांना वाटले, नट विसरला. मी विसरलो नव्हतो. खोटे म्हणता म्हणता ते कधी खरे झाले, ते मलाच त्या दिवशी कळले. शब्दाला पाय असतात, धाकट्या. तोंडातून निघाला की तो कुठवर जाईल, ते आपल्या हातात नसते.

कलम पाच. माझ्यामागे पत्नीने हवे तेवढे रडावे. कंपनीच्या लोकांनी बेताने, त्यांना सवय आहे. प्रार्थना साधी असावी. देवासमोर मी रोज उभा राहतो, पण तिथे हात कुठे ठेवावेत, आवाज किती काढावा, काही उमजत नाही. इतकी वर्षे नट असून उमजत नाही, म्हणजे तेवढे तरी खरे असावे.

पुरवणी. वरील मजकूर परवा लिहिला. वकील म्हणाले, अट ज्याच्यावर आहे त्याला आधी दाखवा. दाखवायला मी निरोप धाडणार, तोच आज दुपारी धाकटा स्वतःच आला. शस्त्रक्रियेची बातमी त्याला बाहेरून कळली होती, या कागदाची नव्हती. मी मागच्या खोलीत पडून होतो. दार हिने उघडले.

"दादा कुठाय?"

"आत पडलेत. या ना."

चपला काढल्याचा आवाज आला. मग तो फाटक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, खरं सांगा. वाचेल ना तो?"

ही क्षणभरही थांबली नाही. "वाचतील. तुम्ही आधी बसा बघू, भाऊजी."

भाऊजी! हा शब्द तिने कधीपासून जपून ठेवला होता कोण जाणे. माझ्यासमोर कधी काढला नाही.

सबब कलम चारमधली अट मी आज रद्द करतो. हिस्सा धाकट्याला बिनशर्त द्यावा. वकील म्हणतात, मग ती हकीकतही काढा आणि नवा कागद करा. मी नको म्हटले. त्याने हे कधीतरी वाचावे, आणि अट त्याने न वाचताच पाळली हे त्याला कळावे.

सही: मृत्युपत्र करणार, नट.
साक्षीदार: (१) मामा, रंगभूषाकार. (२) खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर. दोघांनी माझ्यासमक्ष व एकमेकांसमक्ष सह्या केल्या.

दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीचा गुरुवार, संध्याकाळ.
स्थळ: राहते घर, मागची खोली. पुढच्या खोलीत दीर-भावजय भांडत आहेत, रुग्णालयात माझ्याजवळ पहिल्या दिवशी कोणी थांबायचे म्हणून. कोणीच माघार घेत नाही.