परसोंचा फोटो

रविवार, संध्याकाळ. मलकपेठ.

जुन्या डीएसएलआरचा पट्टा माझ्या मानेवर जो अन्याय करतो, त्याची दखल कुठलाही आयोग घेत नाही. म्हणून मेहुण्याचा नवा सुपरझूम कॅमेरा वापरून पाहायला आणला. खिशात मावतो. बाल्कनीतून समोरच्या गच्चीवरचे रझियाखालांचे पापडसुद्धा मोजता आले.

"आता माणसांत जायलाच नको तुम्हाला," बायको म्हणाली. टोमणा नेमका बसला.

जुना घेऊन समोर जावं लागतं, मग माणसं बोलतात. सकाळी खालांनी गाठलंच. "परसों हमारे साब का फोटो खींचे थे, कब देते भाई?" हैदराबादी परसों म्हणजे मागची कितीही वर्षं. तेव्हा त्यांच्या साहेबांना, खालूंना, स्वतःचे दात होते. मीही "परसों देतूं" म्हणालो होतो. म्हणजे पुढची कितीही वर्षं.

सुपरझूम हलका आहे. खरंच हलका. मग अडतंय कुठे? जुना विकायचा म्हणून कार्ड रिकामं करायला बसलो, तर खालू सापडले, माझ्याकडे बघून बत्तिशी दाखवत हसणारे. बाल्कनीतून टिपलेलं कुणी असं हसेल?

मान दुखतेच आहे. तरी कोपऱ्यावरच्या दुकानातून प्रिंट काढून आणली आणि खालूंच्या हातात दिली. ते तोंडावर हात धरून हसले. हात खाली येईपर्यंत जुना कॅमेरा डोळ्याला लावून थांबलो. पट्टा मानेवर होताच.