फटफटीची किल्ली

९ नोव्हेंबर १९८६, रविवार

पडले. पहिल्याच दिवशी, पहिल्याच फेरीत! गुडघा सोलला, कोपर सोललं, तीन बांगड्या फुटल्या. फटफटी अंगावर न पडता बाजूला पडली, एवढंच नशीब. आडवी पडूनही तिचं चाक फिरत होतं आणि मी बघत बसले — माझा पदर त्यात गेला असता तर?

शिकवणारा आमच्या आरोग्य केंद्राचा ड्रायव्हर सिताराम. म्हणाला, ‘सिस्टर, सुई टोचायची सोडून हे काय खूळ घेतलंत?’ तो हसला म्हणून मीही हसले. खरं तर रडायला येत होतं.

मामा, म्हणजे माझे सासरे, बाभळीखाली उकिडवे बसून बघत होते. सून परक्या माणसाकडून गाडी शिकणार, तर घरचं कुणीतरी तिथं पाहिजे, म्हणून आलेले. दिवसभरात एक अक्षर बोलले नाहीत.

१० नोव्हेंबर

गुडघा वाकत नाही. तरी धनगर वस्तीवर जाऊन आले. सात किलोमीटर जाणं, सात येणं. लंगडत.

१३ नोव्हेंबर

सेलूहून यांचं पत्र. ‘तू फटफटी शिकतेस असं शाळेत सगळ्यांना कळलंय. लोक विचारतात. मी काय सांगू?’

सांगा, दत्तराव मास्तर, की आश्विनात धनगर वस्तीवरची भिवराबाई बाळंतपणात गेली. निरोप आला तेव्हा एसटी नव्हती, बैलगाड्या सगळ्या रानात. तुमची बायको दोन तास चालत गेली. पोचली तेव्हा भिवराबाईचा हात गार पडलेला होता. तिचा नवरा येडबा एवढंच म्हणाला, ‘तुमी आल्यात, लय झालं.’ शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

आता तिची जाऊ बानूबाई. उमाजीची बायको. माघात दिवस भरतात. पहिल्या वेळेस अडली होती, मूल राहिलं नाही. या वेळेस मी उशिरा पोचायचं नाही. बस्स.

केंद्रात फटफटी दोन वर्षं पोत्याखाली पडून होती, पुरुष कर्मचाऱ्याची जागा रिकामी म्हणून. मी डॉक्टरांना म्हणाले, मला द्या. ते म्हणाले, ‘लायसन दाखवा, किल्ली घ्या.’ त्यांना वाटलं विषय मिटला. मी शिकाऊ लायसन काढून टेबलावर ठेवलं! तेव्हापासून रविवारपुरती किल्ली सितारामकडे असते, आणि गाडी मैदानाबाहेर न्यायची नाही.

हे सगळं यांना लिहिणार नाही. ‘बरी आहे, तब्येत सांभाळा’ एवढं लिहीन.

१६ नोव्हेंबर, रविवार

कडब्याच्या गंजीत घुसले. सिताराम ओरडतोय, ‘रेस कमी करा, कमी करा!’ आणि मी कमी करायला गेले की गाडी आणखीच उधळते. काही म्हणजे काही कळत नाही. डोक्यातून कडबा काढताना सिताराम मामांना म्हणाला, ‘ह्ये बायामानसाचं काम न्हाई, अण्णा.’ मामांनी तंबाखू मळली आणि तोंडात टाकली.

इथं कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. मला भीती वाटते. थोडीथोडकी नाही. किक मारली आणि तो आवाज सुरू झाला की गाडी टाकून पळावंसं वाटतं. शनिवारी दुपारपासूनच जेवण जात नाही. आणि मी लोकांना सांगते, ‘सुईला काय भ्यायचं!’

२३ नोव्हेंबर, रविवार

गेले नाही. ताप आलाय म्हणून सांगितलं. मामा आत गेले, माझ्याच पेटीतला थर्मामीटर काढून आणला आणि माझ्या हातावर ठेवला. मग बाहेर जाऊन बसले.

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

३० नोव्हेंबर, रविवार

आज मामा बोलले!

नेहमीसारखीच गाडी उधळली. समोरून म्हैस येत होती. मी जीव खाऊन ओढलं आणि गाडी अशी सुसाट गेली की म्हैस बिचारी पळाली. मी पडले. सिताराम कपाळावर हात मारून बसला. तेवढ्यात मामा उठून आले, धोतर झटकलं आणि म्हणाले —

‘पोरी, कासरा वढायलीस तू.’

मला कळेना.

‘म्हैस दिसली की दोन्ही हातानं माघं वढलंस. व्हय का न्हाई? वर तोंडानं हो-हो म्हनायलीस. बापाच्या घरी गाडी हाकायचीस न्हवं?’

हाकायचे. बापाला मुलगा नव्हता. नऊ वर्षांची असल्यापासून बैलगाडी मीच हाकली. घाबरलं की कासरा ओढायचा, बैल थांबतात. इथं ओढलं की मूठ मागं फिरते, आणि मूठ मागं फिरली की रेस वाढते! म्हणजे जितकी घाबरते तितकी ओढते, जितकी ओढते तितकी गाडी पळते, जितकी पळते तितकी मी आणखी घाबरते. तीन रविवार सितारामला हे दिसलं नाही. तो लहानपणापासून गॅरेजात, त्यानं कासरा धरलेलाच नाही.

मामा म्हणाले, ‘बैल वढल्यावर थांबतं. ह्ये जनावर सोडल्यावर थांबतं. भ्याव वाटलं की सोडायचं.’

स्वतः जन्मात फटफटीवर बसलेले नाहीत!

४ डिसेंबर

सांगायला सोपं. पंचवीस वर्षांची खोड हाताची. मामांनी उपाय काढलाय. दिवसातून केव्हाही, मी भाकरी थापत असो की रजिस्टर लिहीत असो, मागून येऊन ओरडतात, ‘आलं! आलं!’ आणि मी उजवी मूठ सोडायची. आज चहाची कपबशी सुटली. काल सुपातली तूर अंगणभर.

मामा खूश. ‘सुटायली, सुटायली!’

७ डिसेंबर, रविवार

पडले नाही.

१४ डिसेंबर, रविवार

दुसरा गिअर. मैदानाला चार फेऱ्या. सिताराम मागून पळत होता, तो केव्हा थांबला ते मला कळलंच नाही. वळून बघितलं तर लांब, कंबरेवर हात ठेवून उभा. तेवढ्यानंच घाबरले आणि गाडी बंद पडली. पण मूठ सोडली होती!

२३ डिसेंबर

जिंतूरला आरटीओच्या साहेबाचा कॅम्प. नापास. आठ काढताना पाय टेकला, दोनदा. सहावारी साडी पायात येते. साहेब म्हणाला, ‘बाई, कशाला जिवाला त्रास?’ पुढचा कॅम्प २७ जानेवारीला. माघ लागायच्या आधीचा शेवटचा.

परतताना एसटीत मामा शेजारी बसले होते. बोरीला तंबाखूची चंची उघडली. मग म्हणाले, ‘तुझ्या सासूचं लुगडं हाय ट्रंकंत.’

१५ जानेवारी १९८७

काल संक्रांतीला हळदीकुंकवाला गेले होते. मी आत गेले की बोलणं थांबतं. पाटलाच्या सरजाबाई वाण देता देता म्हणाल्या, ‘का गं, कासोटा घालून फिरायलीस म्हनं मैदानात?’ मी म्हणाले, ‘घालते. तुमच्या सुनेचे दिवस भरले ना, की तोच कासोटा घालून येईन.’ त्यांची सूनच फिसकन हसली.

घरी आले आणि आधी दाराला कडी लावली. माझं असंच आहे, तोंड धीट आणि पोट भित्रं.

१९ जानेवारी

वस्तीवर जाऊन बानूबाईला तपासलं. पायावर सूज आहे. मी म्हणाले, कळा सुरू झाल्या की लगेच निरोप पाठवा, वाट बघत बसू नका. तिची सासू धुरपताबाई मेंढीला पाला घालत होती. म्हणाली, ‘धाडू की. पर तुमी येनार कवा?’

ते टोचून बोलणं नव्हतं, साधा प्रश्न होता. परतीच्या वाटेवर मी कॅम्पला किती दिवस उरले ते मोजत होते.

२७ जानेवारी

आज सगळं नीट, पहिल्यापासून लिहायचंय.

सासूबाईंचं हिरवं लुगडं नेसले, घट्ट कासोटा. कॅम्पच्या मैदानावर वीस-बावीस पुरुष रांगेत. मी दिसल्यावर जे हसू फुटलं ते साहेबापर्यंत गेलं. तो खुर्चीत बसून शेंगा खात होता. ‘परत आलात?’ म्हणाला.

चुन्यानं आठ काढलेला. माझ्या आधीचे दोघं पाय टेकून बाद झाले. मी कासोटा पुन्हा घट्ट खोचला. सिताराम गाडी देताना हळूच म्हणाला, ‘सिस्टर, समदं इसरा. मूठ तेवढी ध्यानात ठिवा.’

पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर एक शेळी — कुणाची कोण जाणे — सरळ आठाच्या मध्ये येऊन उभी राहिली! हात मागं यायला निघाले, मला ते कळत होतं, दिसत होतं. आणि रांगेमागून, सगळ्या त्या माणसांच्या डोक्यावरून मामांचा आवाज आला, ‘आलं! आलं!’

मूठ सुटली. गाडी मंद झाली, डुलली, क्लच दाबला, शेळी निघून गेली. मी पुढं गेले. पाय टेकला नाही!

साहेबानं शेंगांची टरफलं झटकली. ‘हाताचे इशारे करून दाखवा.’ दाखवले. ‘म्हातारबा कोण तुमचे?’ ‘सासरे,’ मी म्हणाले. त्यानं मामांकडे बघितलं, कागदाकडे बघितलं आणि सही केली.

मामांनी सितारामला आणि मला भजी खाऊ घातली. स्वतः खाल्ली नाहीत. डोळे पुसत होते, म्हणे मिरची लागली.

२९ जानेवारी

डॉक्टरांनी लायसन उलटंपालटं करून बघितलं आणि ड्रॉवरमधून किल्ली काढून दिली. ‘शब्द दिला होता,’ म्हणाले. किल्ली करदोट्याला बांधली आहे.

८ फेब्रुवारी

एकटीनं बोरीच्या बाजारापर्यंत जाऊन आले. ट्रक आला की अजून डोळे मिटावेसे वाटतात. मिटत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दहाला उमाजी धापा टाकत आला. बानूबाईला पहाटेपासून कळा. ओठ सुकलेले, सात किलोमीटर पळत आलेला. मी पेटी बांधली, म्हणाले, ‘बस मागं.’ तो चार पावलं मागं सरकला. ‘न्हाई बाई. बाईमानसाच्या माघं? तुमी व्हा म्होरं, मी आलोच पळत.’ वाद घालायला वेळ नव्हता. निघाले.

वीस मिनिटांत पोचले. वीस मिनिटांत! येडबाचं घर मागं टाकताना मला ओरडावंसं वाटलं.

आणि वस्तीत कुणीच नाही.

तव्यावर भाकरी जळत होती. कुत्री भुंकत होती. मेंढ्यांची कोकरं डालग्याखाली ओरडत होती. माणूस एक नाही. बानूबाईच्या झोपडीत बाज रिकामी, खाली ओलं. मला काही सुचेना. वाटलं, गेली. नेलीसुद्धा. मग ध्यानात आलं, चूल पेटलेली आहे, म्हणजे आत्ता, या क्षणी इथं माणसं होती.

‘मी सिस्टर! अहो, मी सिस्टर आहे!’ चारी बाजूंनी ओरडले. वारा आणि जवारीची सळसळ, दुसरं काही नाही. तिथं मला जशी भीती वाटली तशी फटफटीवर कधी वाटली नाही.

जवारीत शिरले. ताटं बाजूला करत, हाका मारत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग एक लाल पदर दिसला. बानूबाई ढेकळांवर आडवी, डोळे पांढरे, आणि तिच्या तोंडावर धुरपताबाईचा हात — गच्च. कळ आली तर ओरडू नये म्हणून.

म्हातारीनं मला ओळखलं तेव्हा हात काढला. बानूबाईचं पहिलं ओरडणं अख्ख्या शिवारानं ऐकलं असेल. मूल पायाळू होतं. तिथंच, ढेकळांवर, लुगड्याचा आडोसा धरून. मुलगी. निळी पडली होती. उलटी धरली, चापट मारली, तोंडानं घाण ओढून काढली. रडली!

दोघी जिवंत आहेत.

१३ फेब्रुवारी

आज वस्तीवर गेले तेव्हा धुरपताबाई बोलली. मान खाली घालून.

‘आवाज आला नव्हं फटफटीचा. आमाला वाटलं, कापायचे लोक आले.’

आणीबाणीतलं. अकरा वर्षं झाली. सरकारी जीप आणि पुढं दोन फटफट्या. तिचा धाकटा दीर पंधरा मेंढ्या घेऊन माळावर होता, लग्न ठरलेलं होतं. त्यालाही नेलं, नसबंदी करून सोडला. लग्न मोडलं. तेव्हापासून फटफटी वाजली की वस्ती रानात जाते. चुलीवर काय आहे, कोण आजारी आहे, बघत नाहीत. बायकोच्या काळजीत उमाजीला हे सांगायचं सुचलंच नाही; तो माझ्या मागं बसला असता तर लांबूनच त्यांनी ओळखलं असतं.

तीन महिने मी त्या आवाजाला भ्यायले आणि मला वाटलं, मी एकटीच. पाच मिनिटं उशीर झाला असता तर माझ्याच गाडीच्या आवाजानं ती पोर मेली असती. मध्यरात्र उलटून गेली, अजून जागीच आहे.

१५ फेब्रुवारी

आता गाडी ओढ्याअलीकडं बंद करते आणि वस्तीवर चालत जाते.

२४ फेब्रुवारी

बारसं. मामांनाही बोलावलं होतं. धुरपताबाईनं सगळ्या वस्तीला समोर बसवलं आणि मला म्हणाली, ‘वढ्याजवळ उभी केलीस ती फटफटी हितं आन.’ आणली. वाजत असताना पोरं आयांना चिकटली. दोन बाया उठून उभ्या राहिल्या. म्हातारी ओरडली, ‘बसा खाली! आवाज ऐका नीट. ही आपल्या शिस्टरची हाय. वाजली तर पळायचं न्हाई. कुनीबी न्हाई!’

बसल्या. मुलं हळूहळू जवळ आली. एकानं टाकीला बोट लावून बघितलं. मला तिथंच रडू फुटलं.

३ मार्च

डॉक्टरांनी बोलावलं. वरून पत्र आलंय, मार्चअखेर. नसबंदीच्या केसेस कमी पडताहेत, माझ्या वाट्याला चौदा. म्हणाले, ‘धनगर वस्तीपासून सुरुवात करा, सिस्टर. गाडी आहेच तुमच्याकडे. आणि तुमच्या गाडीला बघून ते आता पळत नाहीत म्हणे.’