जिन, सोडा आणि सातची कडी

शुक्र., ५ डिसेंबर
साडेसहाला जेवण. भरीत-पुरी. मधेच बायको, प्रमिला (यापुढे प्र.), म्हणाली, "नाना, माले एकदा दारू प्यायचीये."
घास हातातच राहिला. मी! एकतीस वर्षं धुळ्याच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काढली, स्पिरिटने हात धुतले, जिभेला थेंब लावला नाही. म्हटलं, काहून?
"बावीस वर्षं माह्याकडे पाह्याले पहिल्या नवऱ्याले टाइम नव्हता. त्या बाटलीत असं काय होतं, ते पाह्याचं आहे. दुरून नाही, समोर बसून. अन् तुमच्यासोबत. एकटी नाही."
मी 'बरं' म्हणालो. दुसरं काय म्हणणार!
सातला ती नेहमीसारखी स्वयंपाकघरात गेली आणि आतून कडी लावली.

शनि., ६
रात्रभर तेच डोक्यात. लग्नाला दहा महिने झाले. दोघांचं दुसरं, रजिस्टर, चार सह्या आणि पेढे. सावद्याला तिचा पहिला नवरा रोज सातला पिऊन घरी यायचा, तेव्हापासून ती कडी. तो जाऊन सहा वर्षं झाली, कडी काही जात नाही. अंथरूणही तिकडेच, ओट्याखाली. मी बाहेरच्या खोलीत टीव्ही बघतो, तोही आवाज बारीक करून. तिने मला कधी नावं ठेवली नाहीत, मीही कडीबद्दल अवाक्षर काढलं नाही. पण खरं लिहायचं तर, संध्याकाळी बायको शेजारी बसावी असं वाटतं. साठीला आलो तरी वाटतं.
विचारलं, कोणती आणू? म्हणाली, "लाल नको. त्याची लाल असे."
म्हणजे पाण्यासारखी हवी. जिन.

सोम., ८
धुळ्यात अर्धं गाव आपले विद्यार्थी. म्हणून एस.टी.ने जळगाव. इथे कोण ओळखतंय! दारूच्या दुकानात काउंटरवरचा माणूस चष्मा वर करून बघतो तर, "नाना, तुम्ही आठे?" शिरपूरकडचा. सेकंड इयरला याने माझे दोन ब्युरेट फोडले होते. जाऊ तिथे आपलंच नशीब पुढे.
मी आधी प्यायचा परवाना मागितला. तो हसत सुटला. म्हटलं हसू नको, नियम आहे, दोन फाड, एक बायकोच्या नावाने. "कोनासाठी?" "बायकोसाठीच आणतोय." हसायचा थांबला. "बसा नाना, बठ्ठं सांगस."
आणि खरंच सगळं सांगितलं: जिन, लिंबू, साखरेचा पाक, वर गार सोडा. ढवळायचं नाही. लिंबाची साल वरून पिळायची. "अन् नाना, मेणबत्ती लावा. रोमँटिक व्हवाले पाहिजे."
परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय आहे? म्हटलं, औषध.

मंगळ., ९
घरी आल्यावर बाटली गव्हाच्या कोठीमागे ठेवली होती. झोप नाही. लॅबमध्ये बिनलेबलाची बाटली दिसली की मी प्राध्यापकांनाही बोलायचो, आणि माझ्याच घरात बाटली कोठीमागे?
सकाळी उठून लेबल लिहिलं. नाव: जिन. आणली: ८ डिसें. उघडली: __. शिल्लक: ७५० मिली. खाली लाल पेनने 'ज्वलनशील', सवयीने. चिकटवलं आणि बाहेरच्या खोलीत, शोकेसमध्ये, बक्षिसाच्या कपाशेजारी ठेवली. आला-गेला बघेल तर बघो.

बुध., १०
प्र. शोकेस पुसत होती. लेबल वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार.
"तो लपवे," ती म्हणाली. "पिठाच्या डब्यात, संडासच्या टाकीत, एकदा तर माह्या शिलाई मशीनच्या पेटीत. मी बावीस वर्षं घरभर धुंडत राहिली. अन् तुम्ही... नाव लिहून ठेवलं."
डोळ्यांना पदर लावला. फडकं तिथेच विसरून गेली. मी त्या फडक्याकडे बघत बसलो. साधं लेबल हो! एकतीस वर्षांत हजारो लिहिली असतील, कोणी वाचून रडलं नव्हतं.

शुक्र., १२
रंगीत तालीम. जिनऐवजी पाणी. मापाला नवा, खुणांचा काचेचा सिलिंडर आणलाय. ढवळायचं नाही हे ठाऊक असून हात काचकांडीकडे गेलाच. फस्सकन् सगळा सोडा टेबलावर, चष्म्यावर, आजच्या पेपरावर. प्र. दारात उभी. हसली! तोंडाला पदर न लावता, मोठ्याने. "व माय, केमिस्ट्रीचे नाना!"
दहा महिन्यांत हा आवाज या घरात ऐकला नव्हता. पुसायचंसुद्धा सुचेना.

शनि., १३
नीट लिहितो. विसरायचं नाही.
पावणेसातला टेबल मांडलं. मेणबत्ती एकच, वाकडी. केळ्याचे वेफर्स, तिच्या सावद्याच्या भावाकडचे. ती निळी साडी नेसून आली. मी बघितलं, आणि मी बघतोय हे तिने बघितलं.
दोन ग्लास. प्रत्येकी जिन ३० मिली, लिंबू १५, पाक १५, सोडा १००, ग्लास तिरपा धरून, हळूच. ढवळलं नाही! वर साल पिळली. तळापासून बारीक बारीक बुडबुडे सुटले, एकामागे एक, थांबेचनात. कार्बन डायऑक्साइड. मी हा वायू हजारदा तयार केलाय, चुन्याच्या निवळीत सोडून पोरांना दाखवलाय. आज पहिल्यांदा बघितला असं वाटलं. प्र.ने कान ग्लासाजवळ नेला. "बोलतंय," म्हणाली.
सात वाजले. घड्याळाकडे दोघांनी बघितलं. तिचा हात टेबलाची कड धरून. उठली नाही. सात पाच. सात दहा. सातनंतर दिव्याखाली तिचा चेहरा मी पहिल्यांदा बघत होतो. केवढी हिंमत लागते नुसतं बसून राहायला!
मग घोट. डोळे मिटून. माझाही. मला लिंबाचं सरबत आणि मागून काहीतरी पाइनच्या लाकडासारखं लागलं. तिचा दुसरा घोट.
"नाना, हे तर चांगलं लागतंय."
बाटली कुठे ओतू, हेच डोक्यात आलं.
ती रडत होती. "वाईट लागलं असतं तं बरं होतं. म्हटलं असतं, येडा होता, कडू जहर पेत होता. पन हे चांगलं आहे. त्याले थांबता आलं नाही, एवढंच. अन् मी समजत राहिली, का मीच वाईट आहे. माह्यातच काही नाही, म्हणून तो..."
बावीस वर्षांचं ओझं ही बाई दोन घोटांत तपासून बघते! मी सगळी हयात तपासण्या करण्यात घालवली, एवढी मोठी कधी पाहिली नाही. नुसता हात पुढे केला. तिने धरला. किती वेळ ते माहीत नाही, मेणबत्ती बोटभर उतरली.
अर्ध्या ग्लासावर तिने तळवा ठेवला. "बस." उरलेलं मोरीत ओतलं, दोन्ही ग्लास स्वतः विसळले.
आठ दहाला आत गेली. कडी लागली. पण हळू लागली.

रवि., १४
लेबल भरलं. उघडली: १३ डिसें. शिल्लक: ६९०.
सातला कडी. वाटलं, केलं काय मी? झाकली मूठ उगाच उघडली.

बुध., १७
भाजी निवडताना आपणहून म्हणाली, तो केळीच्या बागेत गाणं छान म्हणायचा. दहा महिन्यांत त्याच्याबद्दल पहिला बरा शब्द. मला हेवा वाटला का? थोडा वाटला. पण ती ते सांगताना हलकी दिसत होती, ते बघून हेवा गिळला.
सातला कडी.

शनि., २०
दुपारी बँकेत, पेन्शनचा दाखला. सहाला परत. शोकेसकडे नजर गेली. बाटलीच्या लेबलावर माझ्या ओळीखाली नवी ओळ. अक्षर प्र.चं, शाळेतल्या पोरीसारखं गोल.
'२० डिसें. शिल्लक ६९०. आज नको.'
सिलिंडर काढून मोजावं असं एकदा मनात आलं. लाज वाटली, नाही काढला.
'आज नको' म्हणजे काय? पुढे कधी हवी? की मीच आज नको? विचारायचा धीर नाही. जेवण झालं. ती आत भांडी लावतेय. टीव्ही मी लावलेलाच नाही.
सात वाजले.
भांड्यांचा आवाज थांबला.
सात वाजून सहा. कडी अजून वाजली नाही.