पन्नाशी न गाठलेल्याची रविवारची पाळी

प्रिय मावशीस, प्रभूमध्ये सलाम.

तुझा गुडघा आता जिन्याला जुमानत नसेल आणि काकांचा खोकला गेला असेल, अशी आशा आहे. इकडे सगळे ठीक, म्हणजे मी सोडून.

झालं असं, की आमच्या चर्चच्या मंडळीत पन्नाशी उलटल्याशिवाय कोणाला पुढे उभं राहून बायबलमधलं वचन समजावता येत नाही. या रविवारी पाळी टपालतात्यांची (निवृत्त पोस्टमन, वचनंही पत्रांसारखी भराभर वाटून मोकळे होतात). नेमका त्यांचा आवाज बसला. चष्म्याची काडी बसवायला ते माझ्या दुकानात आले, माझं टक्कल निरखलं आणि कुजबुजले, "रविवारी तू बोल. झाली की तुझी पन्नाशी." मी म्हटलं, अठ्ठेचाळीस. "लाजतोस कशाला?" म्हणाले आणि गेले.

आणि वचन तरी कोणतं? लोक येशूला विचारतात, तुझं वय अजून पन्नास नाही, आणि शेकडो वर्षांपूर्वीच्या अब्राहामाला तू पाहिलंस? अगं, येशू तेव्हा तिशी-पस्तिशीचा. मग पन्नासच का, चाळीस का नाही? बायको म्हणते, काळजीने माणूस थोराड दिसतो. (बोलताना माझ्याकडे पाहत होती.) पाळक म्हणाले, मुद्दा वयाचा नाहीच, अधिकाराचा आहे, येशू अब्राहामाच्याही आधीपासून आहे, एवढंच धरून ठेव. मला ते पटलं, पण पायऱ्या उतरेपर्यंतच. खाली आल्यावर वाटलं, मुद्दा वयाचा नाही, तर आमच्याकडे पन्नाशीची अट कशाला? हे बोललो, तर पहिल्या बाकावरचे सगळे वडीलधारे उठून जातील. नाही बोललो, तर माझ्याजवळ दुसरं काहीच नाही. या तंद्रीत काल एका शिक्षिकेला मी दुसऱ्याच कोणाचा चष्मा दिला, आणि ती छान दिसतं म्हणून घेऊनही गेली.

काकांना सलाम, मुलांना पापा.

तुझा भांबावलेला भाचा

ता. क. : खरं काम हे. शाळेत लवकर घ्यावं म्हणून बाबांनी माझं वय दोन वर्षं वाढवून सांगितलं होतं, त्यामुळे कागदावर मी पन्नाशीचाच. शनिवारपर्यंत तात्यांना फोन करून सांग, की माझ्या जन्माच्या वेळी तू तिथे होतीस, आणि मी अठ्ठेचाळीसच आहे. मोठ्या माणसाचा शब्द ते मानतात.

आणखी एक ता. क. : बायकोने पत्र वाचलं. म्हणते, मावशी तुमच्याहून तीन वर्षांनी लहान, तिने तुमचा जन्म पाहिला कसा? (आजवर तुला वाकून सलाम करत आलो, त्यात हे डोक्यातच राहिलं नाही.) तात्याही हेच विचारणार. तरी फोन कर. तू त्यांना काय उत्तर देतेस ते मला लगेच कळव. रविवारी मी तेच सांगेन.