बंधाऱ्याच्या लेखातले तिसरे वाक्य

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, अविवाहित, महाविद्यालयात ग्रंथपाल. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. त्याआधी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय, मी माझी व्यवस्था लावून ठेवते.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक धाकट्या भावाला. भाड्याने देण्याआधी मागच्या भिंतीची ओल काढावी.

२. शिवणयंत्र वहिनीला. इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशासाठी मी अकरा वर्षे रोज संध्याकाळी दोन तास विनामोबदला लेख लिहिले, इतरांचे तपासले. वहिनी म्हणायची, "वन्सं, त्या ज्ञानकोशाला सांगा, एकदा येऊन भांडी घासून जा म्हणावं." मला राग यायचा. माणसे तुटली म्हणून मी तिकडे वळले, की तिकडे वळले म्हणून तुटली, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

३. बाबांची कामाची वही सार्वजनिक वाचनालयाला, कोणालाही उघडून पाहता येईल अशी.

कारण असे. बाबा बंधाऱ्यावर नोकरीला होते. बंधाऱ्याच्या लेखात तिसरे वाक्य मी लिहिले: पुराच्या दिवशी त्यांनी एकट्याने दरवाजे उघडले. घरी सगळे तसेच सांगत. 'कात्री' या टोपणनावाने लिहिणाऱ्या सहकाऱ्याने 'संदर्भ द्या' असा शेरा मारला. तीन आठवडे भांडलो. वाक्य राहिले, शेराही राहिला. पुढच्या वर्षी एका वर्तमानपत्राने ते वाक्य छापले. शब्द माझेच होते, हे मला दिसत होते. तरी तेच कात्रण मी संदर्भ म्हणून लावले आणि जिंकले.

बाबा गेल्यावर ट्रंकेत वही सापडली. त्या तारखेला त्यांच्याच अक्षरात: "आज रजा. मदतनीस एकटा." मी वाक्य काढले. कोणीतरी वर्तमानपत्राच्या आधाराने परत घातले. इतरांना पाहता न येणारी घरातली वही ज्ञानकोशात पुरावा म्हणून धरत नाहीत. नियम योग्य आहे. तो ठरवताना मीही होते.

४. संगणक भाचीला. मी परत आले नाही, तर तिने स्वतःच्या नावाने, माझ्या नव्हे, कात्रीच्या चर्चापानावर लिहावे: "तुमचं बरोबर होतं." कात्री पुरुष की बाई, मला ठाऊक नाही. मी दिसेनाशी झाल्याचे आधी कात्रीच्याच लक्षात येईल, असे वाटते. याला माझ्याकडे संदर्भ नाही.

ठिकाण: माझ्या घरातले जेवणाचे टेबल
तारीख: ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा
(सही)

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरचे घड्याळजी. (सही)
२. बंधाऱ्यावरच्या मदतनिसाची मुलगी, शिक्षिका. साक्षीदाराला काही देता येत नाही, म्हणून वही तिला नाही. सहीआधी तिला तिसरे कलम वाचून दाखवले. तिने वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवले. मग म्हणाली, "बाबांनी घरी कधी सांगितलंच नाही. त्या दिवशी जेवायला उशिरा आले, एवढंच आठवतं." हे तिच्या परवानगीने नोंदवले. (सही)